ड्वेनचा पिकअप आणि सासरेबुवांची मोटरसायकल

मोटरसायकल पिकअपच्या हौद्यात चढवणं हे दोन माणसांचं, वीस मिनिटांचं काम आहे, असं मला पाच जणांनी सांगितलं. ती वीस मिनिटं कोणत्या दिवशी सुरू होतात, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. माझी बुधवारी संध्याकाळी सुरू झाली आणि शनिवारी दुपारी सव्वाचारला संपली.

बुधवारी आम्ही जेवायला बसलो होतो. आम्ही म्हणजे मी एल्डन ब्रेकी, माझी बायको जनीन आणि तिचे वडील अर्विड सोलम. अर्विड त्र्याऐंशी वर्षांचे. महिन्यापूर्वी त्यांनी शेत विकलं आणि चाळीस मैलांवरच्या टॅमरॅक गावात वृद्धांच्या वसाहतीत दोन खोल्या घेतल्या. सोमवारी शेताचा नवा मालक ताबा घेणार होता. साठ वर्षांचं सामान अर्विडनी डोळ्याची पापणी न हलवता वाटून टाकलं होतं. ट्रॅक्टर दिला, गाई दिल्या, मांसाचा फ्रीजर मांसासकट दिला. आणि बुधवारी बटाटे वाढून घेताना म्हणाले, "शेडमधली मोटरसायकल तेवढी मला पाहिजे."

"बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला गवत कापायच्या यंत्रावरसुद्धा बसू नका म्हणून सांगितलंय," जनीन म्हणाली.

"मी चालवणार आहे असं कोण म्हणालं? नुसती असू दे जवळ. क्लिंट परत आला की आणेल."

क्लिंट हा माझा साडू. त्याच्याकडे पिकअप आहे, रॅम्प आहे, ट्रेलर आहे, आणि शर्टाच्या बाह्या फाटतील असे दंड आहेत. सासरवाडीत काही जड उचलायचं निघालं की क्लिंटचं नाव निघतं. माझं नाव फॉर्म भरायचे असले की निघतं. त्या आठवड्यात क्लिंट कॅनडात मासे मारायला गेला होता आणि मंगळवारपर्यंत येणार नव्हता.

"सोमवारी ताबा द्यायचाय," मी म्हणालो. "मी आणतो शनिवारी."

अर्विडनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं आणि विचारलं, "काय म्हणालास?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी गावातल्या शाळेत गाडी चालवायला शिकवतो. चोवीस वर्षं झाली. आमच्या काउंटीत चाळिशीच्या आतला जो कोणी लाल दिव्याला थांबतो, तो माझ्यामुळे थांबतो. 'मालाची सुरक्षित बांधणी' हा धडा मी दर वर्षी दोनदा शिकवतो, फळ्यावर पिकअपचं चित्र काढून. तेव्हा मोटरसायकल बांधून नेणं हा माझ्या विषयाचा भाग होता. फक्त आजवर मी खडूची मोटरसायकल बांधली होती, आणि ती कधी पडली नव्हती.

पहिली अडचण मोटरसायकलची नव्हतीच, कागदाची होती. वसाहतीचा नियम असा की आवारात लावायची गाडी रहिवाशाच्या स्वतःच्या नावावर आणि चालू नोंदणीची हवी. आमच्याकडचं नोंदणी कार्यालय आठवड्यातून दोन दिवस उघडं असतं, त्यातला एक गुरुवार. अर्विड बुधवारी आमच्याकडेच झोपले आणि गुरुवारी सकाळी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी गाडीत बसले. सगळी कागदपत्रं त्या डब्यात होती.

खिडकीमागच्या बाईंनी गाडीचा कागद उघडला, चष्म्याच्या वरून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मालक आलेत का?"

"हे काय, आलेत," मी अर्विडकडे बोट दाखवलं.

"मालक लव्हर्न सोलम आहेत."

"ती नाही येणार," अर्विड म्हणाले.

"मग त्यांची सही तरी लागेल."

"ती वारली. नऊ वर्षं झाली."

बाईंनी चष्मा काढला, मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं, चष्मा परत लावला आणि म्हणाल्या, "मग दुसरा फॉर्म."

तो दुसरा फॉर्म मी असा भरला की काय सांगू! मृत्यूचा दाखला मागितला, डब्यात होता. लग्नाचा दाखला मागितला, तोही होता, आणि त्याला वाळलेलं एक फूल चिकटलेलं होतं, ते बाईंनी अलगद सोडवून परत दिलं. माझ्या आयुष्यात सरकारी खिडकीवर पहिल्यांदाच सगळे कागद पहिल्या फेरीत पुरे पडत होते. मी मागच्या रांगेकडे जरा अभिमानानं पाहूनही घेतलं. आता फक्त अर्विडची सही राहिली होती.

अर्विडनी पेन हातात घेतलं. "यावर सही केली की काय होतं?"

"गाडी तुमच्या नावावर होते," बाई म्हणाल्या.

"आणि तिचं नाव?"

"ते निघतं."

अर्विडनी पेनाला टोपण लावलं. "मग नको."

"अर्विड, अहो, वसाहतीचा नियम आहे," मी हलक्या आवाजात म्हणालो.

"ऐकलाय मी."

"मग गाडी तिथं लावू देणार नाहीत."

"एल्डन, गाडी तिची आहे," अर्विड इतक्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतल्या शेवटच्या माणसानंही मान डोलावली. "मला कुठं चालवता येते? ती चालवायची. मी मागे बसायचो."

सव्वीस वर्षं मी या घराचा जावई. सासरेबुवांची मोटरसायकल, सासरेबुवांची मोटरसायकल, असं ऐकत आलो. चामड्याचं जाकीट घातलेले तरुण अर्विड वाऱ्यावर स्वार होऊन चाललेत, असं एक चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. त्या चित्रात आता अर्विडना उचलून मागच्या सीटवर ठेवावं लागलं आणि पुढे माझ्या सासूबाईंना बसवावं लागलं, ज्यांना मी कायम चर्चच्या स्वयंपाकघरात ॲप्रन लावूनच पाहिलं होतं. मी घरी येऊन जनीनला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अर्थातच."

"मग सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

तर अशा रीतीनं, ठेवायला जागा नसलेली गाडी, आणायला वाहन नसताना, शनिवारी आणण्याचा शब्द मी देऊन बसलो होतो. आणि आता तो मागे घेणं शक्य नव्हतं, कारण अर्विडनी वसाहतीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. क्लिंटला उशीर आहे म्हणून मास्तर आणतोय, असं.

वाहन ड्वेन पिश्केनं दिलं. ड्वेन माझा उजवीकडचा शेजारी. घरं बांधतो. त्याचा पिकअप इतका उंच आहे की त्याची कुत्रीसुद्धा आत चढताना आधी विचार करते. शुक्रवारी संध्याकाळी मी कुंपणापाशी विषय काढला.

"गाडी ने. पण मी येणार," ड्वेन म्हणाला. "तुला नाही जमायचं मास्तर. मोटरसायकल चढवायची म्हणजे काय, जोर! रॅम्पवर मध्ये थांबलास की संपलं. डोळे मिटायचे आणि घुसायचं."

"डोळे मिटून घुसलेले सगळे माझ्याकडे यायचे," डावीकडच्या कुंपणावरून आवाज आला. रोझाली कुबियाक. वय बहात्तर. तीस वर्षं इस्पितळात अपघात विभागात नर्स होत्या. आमच्या गल्लीत कोणी शिडीवर चढलं की त्या खुर्ची बाहेर आणून बसतात. "एकाचा घोटा, एकाची कॉलरबोन, आणि एक त्या शुल्झांचा थोरला. त्याचं काय तुटलं ते मी बायकांतही सांगत नाही. इंजिन बंद ठेवायचं, तिघांनी ढकलायची. मी येते."

"तुम्ही कशाला रोझालीबाई?"

"प्रथमोपचाराला. आणि लेमन बार करून आणते."

रात्रभर मी बांधणीच्या धड्याची मनात उजळणी केली. चार पट्टे. दोन पुढे, दोन मागे. खटका मारत आवळायचे ते पट्टे मी दुकानातून नवेकोरे आणले होते. त्यांच्या वेष्टनावर सूचना सात भाषांत होत्या. सातही भाषांत शेवटी एकच चित्र होतं, पडलेली मोटरसायकल आणि तिच्याखाली एक माणूस. माणसाला माझ्यासारखंच टक्कल होतं. मी फार विचार केला नाही.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही शेतावर पोचलो. शेडमध्ये फुलाफुलांच्या चादरीखाली गाडी उभी होती. चादर काढली आणि ड्वेनसारख्या माणसानंही टोपी मागे सरकवली. हिरवी टाकी, त्यावर बारीक पांढरी रेघ, आणि सगळं निकेल पुसून चकचकीत. सव्वीस वर्षांत ती कोणी चालवलेली मी पाहिली नव्हती, पण पुसत कोणीतरी होतं. सीटखाली उंदरांनी घर केलं होतं, तेवढं सोडलं तर गाडी माझ्यापेक्षा चांगल्या प्रकृतीत होती. वजन साडेचारशे पौंड. हे मला नंतर कळलं, हातांना.

टायरमध्ये हवा भरली, गाडी ढकलत अंगणात आणली. मी म्हणालो, रॅम्प कुठे आहे? ड्वेननं कोठारातून एक जाड फळी काढली. "हा काय."

"ही ओली आहे."

"लाकूड आहे. लाकूड ओलं असतंच."

त्या फळीवर पुढचं चाक अर्ध्यात गेलं, मग बाजूला घसरलं, मग ड्वेन, मी आणि गाडी असे तिघं क्रमानं गवतावर आडवे झालो. सगळ्यात हळू गाडी पडली, कारण ती आमच्यावर पडली. रोझालीबाई शांतपणे आल्या, दोघांची बोटं हलवून पाहिली, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग ड्वेनला आठवलं की पिकअपमध्येच सीटच्या मागे लोखंडी रॅम्प आहे. हे आधी का नाही आठवलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, तू फळीला नावं ठेवत होतास, माझं लक्ष उडालं. रॅम्प लावला. मी वर हौद्यात उभा राहून हँडल ओढायचं, ड्वेननं मागून ढकलायचं असं ठरलं. "थांबायचं नाही हां!" ड्वेन ओरडला आणि असा काही जोर लावला की पुढचं चाक सरळ हौद्यात आलं. त्याच क्षणी रॅम्प हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून निसटून खणकन खाली पडला. रॅम्प साखळीनं फाळक्याला अडकवायचा असतो. हे मी चोवीस वर्षं शिकवत आलो आहे. फळ्यावरच्या चित्रात मी ती साखळी पिवळ्या खडूनं काढतो.

गाडी पोटावर बसली. पुढचं चाक हौद्यात, मागचं चाक हवेत, आणि मधलं धूड फाळक्याच्या कडेवर. ती ना चढत होती, ना उतरत होती. हँडल माझ्या हातात होतं आणि ते सोडलं तर काय होईल हे मला नको इतकं स्पष्ट दिसत होतं.

"कोणाचं काही तुटलं का?" रोझालीबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"मग हसते आता," असं म्हणून त्या खरंच हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी वीस मिनिटं हँडल धरून उभा होतो. तेवढ्यात रस्त्यावरून पोस्टाची गाडी गेली, परत मागे आली, सावकाश पुढे गेली. आमच्याकडे बातमी पोचवायला पोस्टाइतकं जलद काही नाही. दहाव्या मिनिटाला खिशात माझा फोन वाजायला लागला. जनीनचा असणार. मी उचलला नाही, हात मोकळे नव्हते.

ड्वेननं कोठारातून गवताच्या गाठी आणून मागच्या चाकाखाली रचल्या आणि गाडी जिन्यासारखी एकेक गाठ खाली उतरवली. आम्ही परत अंगणात, परत सुरुवातीला, आणि साडेअकरा वाजलेले. ड्वेन म्हणाला, क्लिंटला फोन लावू का? मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं फोन खिशात ठेवला.

रोझालीबाई लांब एका दगडी ओट्यावर बसून लेमन बारच्या आंबटगोड वड्या खात होत्या. "अहो मास्तर," त्या म्हणाल्या, "मी कशावर बसलेय?"

"ओट्यावर."

"कसला ओटा?"

मी पाहिलं. पूर्वी दुधाचे कॅन ट्रकमध्ये भरायला बांधलेला ओटा होता तो. पुढून ट्रकच्या हौद्याइतका उंच, आणि मागे जमिनीला मिळत गेलेला गवताचा लांबलचक उतार. साठ वर्षं या शेतावरून प्रत्येक जड गोष्ट तिथूनच गाडीत चढली होती. ड्वेननं पिकअप मागे घेऊन ओट्याला टेकवला, फाळका ओट्यावर सपाट बसला, आणि आम्ही मोटरसायकल लहान मुलाची सायकल न्यावी तशी चालवत आत नेली. वेळ लागला दोन मिनिटं. उरलेले बार रोझालीबाईंनी आम्हाला दिले नाहीत. म्हणाल्या, डोकं चालवलं त्याला साखर.

बांधणीला मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. हा माझा विषय होता. पहिला पट्टा मी हँडलच्या टोकाला अडकवून आवळला, तर रबरी मूठ सटकून माझ्या हातात आली आणि मी हौद्यात बसलो. उठून पट्टे हँडलच्या खाली, पुढचे शॉकअब सुरू होतात तिथं लावले. खटका मारत गेलो, पुढचे शॉकअब दबत गेले.

"आवळ, अजून आवळ," ड्वेन म्हणाला.

"पुरे," रोझालीबाई म्हणाल्या. "पायाचं रक्त थांबतं असं बांधलं की."

"तो पाय नाही बाई, शॉकअब आहे."

"मला बांधणं कळतं. काय बांधलंय त्यानं फरक पडत नाही."

अर्धे दबले तिथं मी थांबलो. मागे दोन पट्टे, साइड स्टँड वर, पेट्रोलचा कॉक बंद, फाळका लावून पक्का. मी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारली. खडूच्या चित्रातल्यासारखी दिसत होती. सकाळपासून पहिल्यांदा माझी मान ताठ झाली.

ती सात मैल ताठ राहिली. मग पिकअपमध्ये एक आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग वेग वाढला तसा मोठा, गाय अडली की हंबरते तसा. ड्वेनचा चेहरा पडला. "गिअरबॉक्स गेला," तो म्हणाला. रेडिओ बंद केला, खिडकी खाली केली, वर केली. रोझालीबाईंना वाटलं ड्वेनच्या पोटातून येतोय, त्यांनी नाश्त्याला काय खाल्लंस म्हणून चौकशी केली. रस्त्याकडेच्या कुरणातल्या गाई एका रांगेत मान वर करून आमच्याकडे बघत होत्या. दोन तर कुंपणाच्या कडेनं आमच्याबरोबर थोडं अंतर धावल्या.

मग मागे निळा-लाल दिवा लागला.

शेरीफच्या खात्याचा तरुण अधिकारी खिडकीशी आला, वाकला आणि म्हणाला, "ब्रेकी सर?"

ब्राइस नेलेसन. याला मी दोनदा नापास केला होता. समांतर पार्किंगमध्ये. तिसऱ्यांदा पास केला तोही त्याची आई माझ्या घरी केक घेऊन आली म्हणून नव्हे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

"सर, जरा मागे येता का?"

मी मागे गेलो. एका पट्ट्याचं लांब टोक फाळक्याबाहेर पडून रस्त्यावर फरफटत आलं होतं. त्याची झालर झाली होती. ब्राइसनं पुढचा पट्टा दोन बोटांनी हलवला. तो हलला.

"सर, माल बांधला की पहिल्या पाच मैलांनंतर काय करायचं असतं?"

मी पट्ट्याची झालर हातात घेऊन उलटसुलट केली.

"थांबून पट्टे तपासायचे असतात, पुस्तकाचं पान एक्केचाळीस," ब्राइस म्हणाला. कुठलाही कुत्सितपणा नव्हता त्यात. मला वाटतं, तो खरोखरच उत्तर आठवल्याच्या आनंदात होता. मग त्यानं चढून पट्टे आवळले, सुटी टोकं गुंडाळून बांधली आणि प्रत्येक पट्ट्याला खटक्याजवळ एकेक पीळ दिला. "सपाट पट्टा वाऱ्यात गातो सर. पीळ दिला की गप्प बसतो. हे पुस्तकात नाही. हे मला काकानं शिकवलं."

"ब्राइस, लेखी समज देणार आहेस का?"

"द्यावी लागते सर." त्यानं वही काढली. "नाव?"

"अरे, तुला माहीत आहे माझं नाव!"

"तुम्हीच म्हणायचात ना सर, ओळखीच्या माणसालाही नियम तोच."

पेशा कुठला, या रकान्यापाशी तो क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि दयाळूपणे 'शिक्षक' एवढंच लिहिलं. कशाचा ते लिहिलं नाही. त्या मुलाला मी पहिल्याच वेळी पास करायला हवं होतं.

टॅमरॅकला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. जनीन आणि अर्विड बाहेरच उभे होते. त्यांच्या मागे वसाहतीतले अकरा म्हातारे होते, काही काठ्यांसह, काही चाकांच्या वॉकरसह, आणि अकराही जणांकडे मोटरसायकल उतरवण्याचा सल्ला तयार होता. त्या सगळ्यांच्या पुढे हातात फाइल धरून ट्वायला मार्श उभ्या होत्या. वसाहतीच्या व्यवस्थापक.

"मिस्टर सोलम," त्या म्हणाल्या, "नोंदणीचा कागद?"

"नाही," अर्विड म्हणाले.

"मग आवारात गाडी लावता येणार नाही. मला वाईट वाटतं, पण एकाला सूट दिली की..."

"आधी उतरवू तर द्या," ड्वेन म्हणाला. "माझी गाडी मला लागते."

रॅम्प लावला. या वेळी साखळी मी स्वतः अडकवली आणि तीनदा ओढून पाहिली. पट्टे सोडले. गाडी उलटी, मागचं चाक आधी, अशी खाली न्यायची होती आणि मी तिच्या बाजूला हँडल धरून उभा होतो. अकरा सल्ले एकदम सुरू झाले. ब्रेक दाब, ब्रेक सोड, वर बस, खाली उतर. मी पुढचा ब्रेक दाबला, चाक थांबलं, पण गाडी थांबेना. लोखंडावर टायर तसाच खाली घसरू लागला आणि मला रॅम्पच्या कडेपलीकडचं डांबर दिसलं.

"पहिल्या गिअरमध्ये टाक!" अर्विड ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "टाक! आता क्लच सोड! सोड सगळा!"

मी पायानं गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी जागच्या जागी थबकली, दावं ओढल्यासारखी.

"आता क्लच जरासा दाब, सरकेल. सोड, थांबेल. दाब... सोड... शाबास. दाब."

अशी एकेक वीत करत साडेचारशे पौंड जमिनीवर आले. टाळ्या पडल्या. मी घामानं निथळत विचारलं, "अर्विड, तुम्हाला तर चालवता येत नाही."

"लव्हर्न अशीच उतरवायची. मी खाली उभा राहून बघायचो. तीस वर्षं बघितलंय."

ट्वायला मार्श यांनी घसा साफ केला. फाइल अजून उघडीच होती. जनीननं वडिलांचा हात धरला. मला जाणवलं की इतकं सगळं करून आता ही गाडी परत हौद्यात चढवायची, आणि पुढे कुठे न्यायची हे कोणालाच माहीत नाही. आमच्या गॅरेजात, म्हणजे त्यांच्यापासून चाळीस मैल.

आयुष्यात मला एकच गोष्ट येते असं सासरवाडीचं मत आहे. मी म्हणालो, "ट्वायलाबाई, नियमावली जरा बघू?"

मी तिथंच रॅम्पवर बसून बावीस पानं वाचली. अकरा म्हातारे, ड्वेन, रोझालीबाई सगळे थांबले. सोळाव्या पानावर सापडलं. तळमजल्यावरच्या प्रत्येक खोलीला, म्हणजे अर्विडच्याही, मागे एक छोटं अंगण आहे, आणि रहिवाशाला त्या अंगणात 'दोन खुर्च्या किंवा दोघांना बसता येईल अशी एक बैठक' ठेवता येते.

मी ते मोठ्यानं वाचलं आणि मोटरसायकलच्या लांब सीटकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

"ते बाकड्याबद्दल आहे," ट्वायला म्हणाल्या.

"बाकडं असं लिहिलेलं नाही. बैठक लिहिलंय. दोघांची. पेट्रोल आम्ही आत्ता काढून टाकतो, मग ती गाडी उरतच नाही."

ट्वायला मार्श यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग त्यांनी अर्विडकडे पाहिलं. अर्विड त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते रुमालानं हिरव्या टाकीवरचा माझ्या बोटांचा ठसा पुसत होते.

"उशी मात्र पावसात बाहेर ठेवायची नाही," ट्वायला म्हणाल्या आणि फाइल मिटली. "उंदीर होतात."

उंदरांबद्दल आम्ही कोणी काही बोललो नाही.

ड्वेननं पेट्रोल काढलं, तिघांनी ढकलत गाडी इमारतीला वळसा घालून मागे नेली आणि अंगणातल्या फरशीवर उभी केली. सव्वाचार वाजले. ड्वेन आणि रोझालीबाई आत जनीनबरोबर कॉफी प्यायला गेले. मी पट्टे गुंडाळत बाहेरच राहिलो.

अर्विड आले. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून त्यांनी मोठ्या कष्टानं पाय पलीकडे टाकला आणि बसले. मागच्या बाजूला. पुढची जागा मोकळी ठेवून. मक्याच्या शेतांवर ऊन उतरलं होतं आणि सरळ त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. ते थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिले.

"एल्डन."

"हं?"

"पुढे बस जरा. ऊन लागतंय."

सव्वीस वर्षांत सासरेबुवांनी मला दिलेला हा पहिलाच मान, आणि तो पडद्याचा होता. पण मी पट्टे खाली ठेवले आणि बसलो. मूठ सैल होती, ती नीट बसवून हँडल धरलं. मागून दोन हात आले आणि माझ्या कमरेशी शर्टाला धरून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," अर्विड म्हणाले. "इथून उतार लागतो."

मी ब्रेकवर पाय ठेवला.